सहा किलोचा गोळा

प्रति,
संपादक,

महोदय,

३ डिसेंबरला, दिव्यांग दिनी, आपल्या पुरवणीत गोळाफेकपटू सचिन खिलारी यांचा फोटो होता. मजकुरात ‘जिद्द’ तीनदा आणि ‘प्रेरणा’ चारदा आली, मी मोजलं. गोळा किती लांब पडला हे मात्र एकदाही नव्हतं. त्याबद्दलच लिहितोय, पण आधी थोडं माझं रडगाणं ऐकावं लागेल.

मी बावन्न वर्षांचा, चोपडा तालुक्यातला केळीवाला शेतकरी. कॉलेजात गोळा टाकायचो, पुढे संसारात ते सुटलं. दोन वर्षांपूर्वी मास्टर्स, म्हणजे वयस्क खेळाडूंच्या स्पर्धांचं कळलं आणि जुनी खाज उठली. शेताच्या कडेला पडीक तुकडा आहे, तिथे खुंटी ठोकली, एक मीटर पावणेसात सेंटिमीटर सुतळी घेतली आणि चुन्यानं वर्तुळ मारलं. पावसाळ्यात काळ्या मातीत गोळा असा रुततो की टाकायला एक मिनिट आणि उकरून, पुसून घ्यायला पाच. पन्नाशीनंतर गोळा ७.२६ वरून ६ किलोचा होतो, तेवढीच वयाची सवलत.

नोव्हेंबरात स्पर्धा झाली. पहिले तीन पुढे जाणार होते. शेवटच्या फेकीआधी माझं अंतर ९.४१, तिसऱ्या क्रमांकाचं ९.४६. पाच सेंटिमीटर म्हणजे काडेपेटीची लांबी! शेवटचा गोळा हातातून सुटला तेव्हाच कळलं की हा गेला. दहा मीटरच्या रेषेपलीकडे धप्प. मी दोन्ही हात वर केले आणि आनंदाच्या भरात वर्तुळातून सरळ पुढे चालत निघालो.

ज्यांनी गोळा टाकलाय त्यांनी इथेच कपाळाला हात लावला असेल. गोळा पडल्यावर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर पडायचं असतं. लाल झेंडा, म्हणजे फाऊल, फेक बाद. पंचांचं काही चुकलं नाही, नियम मला कॉलेजपासून पाठ आहे. त्या रात्री घरी भरीत-कळण्याची भाकरी होती आणि मला ती गेली नाही. खान्देशातल्या वाचकाला एवढं सांगितलं की पुरे.

पुढचे पंधरा दिवस गोळा गोठ्यात पेंडीच्या पोत्यामागे पडून होता. आपली पुरवणी घेऊन चुलतभाऊ आला आणि म्हणाला, “देख भो, त्याले एक हात, तरी पदक लई उना. तुले तं दोन शेतस.” त्याचा हेतू चांगला, पण मला राग आला. माझ्या दोन हातांचा आणि त्या फाऊलचा काय संबंध? पाय पुढे पडला होता, हात नाही.

रागातच मोबाइलवर पॅरिस पॅरालिम्पिकमधली खिलारींची फेक पुन्हा लावली. ४ सप्टेंबर २०२४, बुधवार, पोळ्यानंतरचा दुसरा दिवस. तेव्हा ‘रौप्य मिळालं’ एवढं ऐकून टाळ्या वाजवल्या होत्या आणि बागेला पाणी सोडायला गेलो होतो. आता आकडे लिहून काढले. कॅनडाचा ग्रेग स्टुअर्ट १६.३८, खिलारी १६.३२, क्रोएशियाचा लुका बाकोविच १६.२७. तिघे अकरा सेंटिमीटरांत! १६.३२ हा तेव्हाचा आशियाई विक्रम, तो खिलारींनी दुसऱ्याच फेकीत टाकला, आणि उरलेल्या चार फेकींत तो काही ओलांडता आला नाही. सोनं सहा सेंटिमीटरांनी हुकलं. पदक घेतल्यावर ते समाधानी नव्हते, याहून चांगलं करता आलं असतं असंच म्हणाले. हे वाचलं आणि हा माणूस मला एकदम ओळखीचा वाटला. त्यांच्या एफ-४६ गटातही, म्हणजे हाताचं अपंगत्व असलेल्यांच्या गटातही, गोळा सहा किलोचाच असतो, म्हणजे माझ्याच वजनाचा.

मग एक उद्योग केला. शाळेत असताना झालेल्या अपघातानंतर खिलारींचा डावा हात नीट चालत नाही, आणि लोक म्हणतात, गोळा तर उजव्यानं टाकायचा, डाव्याचं काय काम? मी डावा हात रुमालानं कमरेला बांधला आणि वर्तुळात उतरलो. डावा हात आधी उघडतो, छाती ओढून घेतो, मग आखडून अंगाला ब्रेक लावतो, तेव्हा सगळा जोर उजव्यात येतो. तो ब्रेकच नाही म्हटल्यावर मी भोवऱ्यासारखा गरगरलो. गोळा डावीकडे केळीत, मी चुन्यात. टेप लावला: सात मीटर दहा. दुसऱ्यांदा तेवढंही नाही. म्हणजे डावा हात जे काम करतो, ते या गड्यानं पाय, कंबर आणि पोटाकडून वर्षानुवर्षं करून घेतलं असणार. मी मात्र दोन वर्षं नुसते दंड फुगवत बसलो होतो. त्या दिवसापासून पायांचा व्यायाम सुरू केलाय. जिने चढताना कण्हतो, ते सोडा.

तेव्हा संपादक महाशय, विनंती एवढीच. दिव्यांग खेळाडूंना पुरवणीतून काढून क्रीडा पानावर आणा आणि तेही ३ डिसेंबरची वाट न बघता. आपल्या जिल्ह्यातल्या पॅरा स्पर्धांचे निकालही अंतर आणि वेळेसकट छापा, हरलेल्यांसकट. डोळ्यांत पाणी आणणारा मजकूर एकदा वाचून रद्दीत जातो. १६.३२ हा आकडा मी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिलाय, त्याखाली ९.४१.

दहा मीटरचा आकडा तिथे लिहिता येत नाही, तो फाऊल होता. हल्ली शेतात एकटा असलो तरी गोळा पडल्यावर वळतो आणि वर्तुळाच्या मागून बाहेर येतो. सौ. बांधावरून बघते आणि विचारते, “इथं कोण झेंडा घेऊन उभंय?”

आपला,
एक जुना वाचक
चोपडा, जि. जळगाव