हंगामाचा अंदाज आणि आपले शेत : आई-बाबांना पत्र

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलेला प्रश्न दोन वाक्यांत संपणारा नव्हता आणि तो तुमच्या एकट्याचाही नव्हता. पारावर बसणारी आणि बाजारच्या दिवशी औशाला भेटणारी माणसे तुम्हाला तेच विचारत असणार. २०२५ साली देशात सरासरीहून जास्त पाऊस होईल, असे एप्रिलमध्येच जाहीर झाले होते आणि हंगामअखेर तो सरासरीच्या १०८ टक्के झालाही. मग सप्टेंबरात मांजरा-तेरणेच्या काठची माती खरडून जाईल, हाताशी आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहील, हे कुणाला आधी का सांगता आले नाही? आणि ते सांगता येत नसेल, तर आपली लेक इतकी वर्षे हवामानशास्त्र शिकून नेमके करते काय? हा दुसरा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तोही रास्तच आहे. दोन्हींचे उत्तर या पत्रात देते.

उद्या किंवा चार दिवसांनी पाऊस पडेल का, याचे गणित वातावरणाच्या आजच्या स्थितीवरून मांडतात: कुठे किती दाब आहे, हवेत बाष्प किती, वारा कुठून वाहतो. परंतु वातावरण इतके चंचल आहे की आजच्या मोजमापात राहिलेली बारीकशी कसर दिवसागणिक वाढत जाते आणि साधारण दोन आठवड्यांपलीकडे अमुक दिवशी अमुक गावात पाऊस, असे सांगायला आधारच उरत नाही. या चंचलपणाचे मूळ अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ साली गणिताने दाखवून दिले. मग चार महिन्यांच्या पावसाळ्याबद्दल एप्रिलमध्ये कोणी काही बोलावे तरी कसे? याचे उत्तर १९८१ साली ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ल या हवामानशास्त्रज्ञांनी मांडले. (शुक्ल हे उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातील एका खेड्यात वाढलेले, मला त्याचे फार अप्रूप वाटते.) दाव्याला बांधलेली गाय या क्षणी नेमकी कुठे उभी असेल हे सांगता येत नाही, पण खुंटा कुठे ठोकला आहे हे माहीत असले तर तिचा वावर कोणत्या बाजूला राहील हे सांगता येते. आपल्या पावसाचा खुंटा बऱ्याच अंशी समुद्राच्या तापमानात आहे. समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो, त्यामुळे त्याची आजची अवस्था पुढच्या काही महिन्यांबद्दल काहीतरी सांगून जाते. माझे शास्त्र उभे आहे ते या एवढ्या आधारावर.

त्या आधाराचा शोध मात्र फार जुना आहे आणि त्याची सुरुवात दुष्काळातून झाली. १८७७ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने हवामान विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना पावसाचा आगाऊ अंदाज देण्यास सांगितले; हिमालयातल्या बर्फावरून आडाखा बांधत त्यांनी १८८६ साली पहिला अधिकृत हंगामी अंदाज दिला. पुढे १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हवामान विभागाचे प्रमुख झाले. ते मूळचे गणिती. हवामानशास्त्र त्यांचा विषयही नव्हता. त्यांनी जगभरच्या ठाण्यांवरील दाब, तापमान आणि पाऊस यांचे आकडे गोळा केले आणि कारकुनांच्या हातून, संगणक नसलेल्या त्या काळात, कशाचा कशाशी संबंध लागतो याची प्रचंड आकडेमोड करून घेतली. त्यातून त्यांच्या लक्षात आले की पॅसिफिक महासागरावरचा हवेचा दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागराकडचा कमी होतो आणि उलटही घडते. भारताच्या पावसाचे भरवशाचे सूत्र त्यांना अखेरपर्यंत गवसले नाही, परंतु दाबाच्या या चढउताराची सांगड पुढे पॅसिफिकच्या पाण्याच्या तापमानाशी घातली गेली आणि आज जिला आपण एल निनो म्हणतो तिची वातावरणातली बाजू जगाला मिळाली. विषुववृत्ताजवळचे पॅसिफिकचे पाणी नेहमीपेक्षा तापले की आपल्याकडे हवा खाली बसण्याकडे कल वाढतो आणि पाऊस दबतो. २०१५ साली हेच झाले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते तुम्ही दोघे विसरला नसाल.

पण 'एल निनो आला की दुष्काळ' हे समीकरणही पक्के नाही आणि माझ्या कामातला खरा पेच इथेच आहे. १९९७ ची एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत बलवान घटनांपैकी एक होती, तरी त्या वर्षी देशात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ ची एल निनो त्यामानाने मध्यम होती आणि डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या, सोळा घटकांवर आधारलेल्या आणि १९८८ पासून वापरात असलेल्या पद्धतीने पाऊस सरासरीइतका होईल असे दाखवले होते. प्रत्यक्षात जुलैत सरासरीच्या जवळजवळ निम्माच पाऊस झाला आणि हंगाम सरासरीच्या ८१ टक्क्यांवर थांबला. या पद्धतीला मोडीत काढून हसणारे लोक मला आवडत नाहीत. मागच्या वर्षांत जुळलेले संबंध पुढेही जुळतीलच असे नसते, हे त्या एका वर्षाने सगळ्यांना शिकवले. त्यानंतर २०१२ साली केंद्र सरकारचे मान्सून मिशन सुरू झाले आणि समुद्र, जमीन व हवा यांची गणिते एकत्र सोडवणारी संगणकावरची मोठी मॉडेल भारताच्या पावसासाठी सुधारण्याचे काम पुण्यात जोमाने चालू झाले. २०१८ साली 'प्रत्युष' आणि २०२४ साली 'अर्क' हे महासंगणक इथे बसले ते अशाच कामांसाठी.

आई, मी दिवसभर काय करते हे तू नेहमी विचारतेस. मागच्या तीसेक वर्षांतले एकेक वर्ष घ्यायचे, त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत जेवढे माहीत होते तेवढेच मॉडेलला द्यायचे आणि पावसाळा संपेपर्यंत त्याला चालू द्यायचे. एकदा नाही, अनेकदा. दर वेळी सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून, म्हणजे एकच उत्तर न मिळता उत्तरांचा पसारा मिळतो. मग तो पसारा त्या वर्षी खरोखर पडलेल्या पावसाशेजारी ठेवायचा. २०१५ उघडले की पडद्यावर मराठवाड्याचा चौकोन बहुतेक उत्तरांत पिवळा-तपकिरी, म्हणजे कोरडा दिसतो, आणि मनाला बरे वाटते. पण शेजारचे चांगल्या पावसाचे वर्षही तसेच पिवळसर दिसले तर समजायचे की हे मॉडेल भारताच्या जमिनीवर मुळातच पाऊस कमी पाडते, त्याला कोरडेपणाची खोड आहे. ती खोड कुठून येते, ढगांच्या गणितातून की हिंदी महासागराच्या तापमानातून, हे शोधण्यात महिने जातात. बाहेरून हे काम कंटाळवाणे दिसत असेल. मला ते मनापासून आवडते.

आता, बाबा, तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. देश मोठा आहे म्हणून त्याची सरासरी थोडीफार सांगता येते. प्रदेश जितका लहान, तितका अंदाज दुबळा. त्यात मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. अरबी समुद्रावरून येणारे बाष्प घाटमाथ्यावर रिकामे होते आणि आपल्याला बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांची वाट पाहावी लागते. सप्टेंबरात ज्याने नुकसान केले तो पाऊस अशाच पट्ट्यांमुळे थोड्या दिवसांत कोसळला. अशा एकेका पट्ट्याचा वेध काही दिवस आधी लागतो. एप्रिलमध्ये तो लागत नाही आणि पुढेही लागेल असे मला वाटत नाही. म्हणून १०८ टक्के हा आकडा खरा ठरला तरी तो आपल्या शेताचे उत्तर नव्हता.

मात्र चार दिवस आणि चार महिने यांच्या मध्येही एक जागा आहे, आणि मी पुढची वर्षे तिथेच द्यायचे ठरवले आहे. १९८० साली डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ या हवामानशास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवले की पावसाळी ढगांचा पट्टा विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर तयार होऊन काही आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकत येतो. तो देशाच्या मध्यावर असतो तेव्हा पाऊस जोरात असतो. हिमालयाच्या पायथ्याशी गेला की आपल्याकडे उघडीप पडते. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तो अशाच लांबलेल्या खंडामुळे, आणि तेव्हा आपले सोयाबीन फुलोऱ्यातून शेंगेत जात होते. ही ये-जा बरीचशी नियमित असल्यामुळे दोन ते चार आठवड्यांचा अंदाज शक्य होतो. हवामान विभाग तो दर गुरुवारी देतो. पेरणी आठवडाभर थांबवायची का, खताचा दुसरा हप्ता टाकायचा का, विहिरीचे पाणी राखून ठेवायचे का, हे प्रश्न याच मुदतीतले आहेत. सुलोचनाताई त्यासाठी कर्नाटकातल्या कोरडवाहू भुईमूग करणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये जाऊन बसल्या आणि पेरणीची कोणती तारीख कमी जोखमीची, हे त्यांच्यासोबत शोधले. २०२५ च्या जुलैमध्ये त्या गेल्या. माझ्यासारख्या कितीतरी मुलींनी हे शास्त्र निवडले ते त्यांच्याकडे पाहून.

आई, कायम नोकरी उशिरा लागते, तोवर शिष्यवृत्तीवर दिवस काढावे लागतात, सोबतच्या मुली संगणक कंपन्यांत जाऊन घरे घेऊन बसल्या, हे सगळे खरे आहे. तरी तुम्ही दोघांनी एकदाही मला मागे ओढले नाही, याची जाण मला रोज असते. मला दुसरे काही करायचे नाही.

येत्या खरिपासाठी एवढे करावे, ही विनंती. नकाशावर मराठवाड्यात कमी पावसाची शक्यता ६० टक्के दिसली, तर त्याचा अर्थ अशा दहा वर्षांपैकी चार वर्षे चांगलीही जातील. म्हणून सगळे शेत एका बाजूला झुकवू नये आणि आकड्याकडे दुर्लक्षही करू नये. मृग निघाला म्हणून तिफण काढू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरती ओल जाईपर्यंत थांबा, नाहीतर दुबार पेरणीचे बियाणे कुठून आणणार? सोयाबीनच्या चार ओळींना तुरीच्या दोन ओळी ठेवा, म्हणजे ऑगस्ट कोरडा गेला तरी तूर हाती राहील. आणि या वेळी रुंद सरी-वरंब्यावर पेरा. खंड पडला तर ओल टिकते आणि पाऊस कोसळला तर सरीतून पाणी निघून जाते. अंदाज कोणत्याही बाजूने चुकला तरी ही पद्धत तोट्यात नेत नाही, म्हणून ती मला सगळ्यात मोलाची वाटते.

पारावर कुणी विचारले तर 'आमच्या पोरीने पाऊस पडणार म्हणून सांगितले आहे' असे कृपा करून म्हणू नका. शक्यता किती आहे तेवढीच सांगा आणि चुकण्याचीही शक्यता तितक्याच मोठ्या आवाजात सांगा. माझ्या शब्दावर कुणी कर्ज काढून बियाणे घेतले, तर ते मला सोसणार नाही.

मेअखेरचा सुधारित अंदाज आला की मी चार दिवस गावी येते. तोवर पेरणी यंत्र कुणाकडे भाड्याने मिळते आणि एकराला काय घेतात, एवढी चौकशी करून ठेवावी. आईने गुडघ्याचे औषध मध्येच बंद करू नये.

आपली लेक