नवी गाडी घेण्याआधी

दापोडी, पुणे
१४ डिसेंबर २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. वहिनींचा गुडघा आता बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. शेवटी तू विचारलंयस, "इलेक्ट्रिक कार घ्यायचं ठरतंय, प्रदूषणही कमी होईल, तुझं मत काय?" फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं, पण मला ते तसं उरकायचं नव्हतं. आज रविवार, आई झोपली आहे, म्हणून निवांत लिहितोय. मत आधीच सांगतो. इतक्यात घेऊ नकोस.

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस आमची मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली. त्याआधी मी रोज स्कूटरने मंडईजवळच्या ऑफिसात जायचो. हॅरिस पूल, खडकी, विद्यापीठाच्या आसपासची कोंडी, मग शिवाजीनगर. घरी पोचेपर्यंत डोळे चुरचुरायचे आणि मुलांवर विनाकारण आवाज चढायचा. दसऱ्याला म्हटलं, एक महिना स्कूटर लावून ठेवू आणि बघू. त्याला आता वर्ष उलटून गेलं.

घरातून दापोडी स्टेशन सव्वा किलोमीटर. तिथपर्यंत सायकल. अण्णांची ती काळी सायकल आठवते ना, डायनामोवाली? माळ्यावरून काढली, दोन्ही टायर-ट्यूब बदलल्या, ब्रेकची रबरं नवी घातली, चेनला तेल दिलं. दुकानदार म्हणाला, काका, हिची फ्रेम अजून वीस वर्षं हलणार नाही. अण्णा दारूगोळा कारखान्यात याच सायकलवरून जायचे. कारखान्याचा भोंगा झाला की खडकीहून दापोडीकडे सायकलींचा लोंढाच निघायचा, कॅरिअरला डबे अडकवलेले, आणि आपण दोघं पुलाच्या तोंडाशी उभे राहून आपापले वडील शोधायचो. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. मधल्या नळीतून पाय घालून कैची शिकलो ते याच सायकलवर. पहिल्या दिवशी तिच्यावर टांग मारली तेव्हा घसा दाटून आला होता. हे तुलाच सांगू शकतो.

स्टेशनखाली सायकलला कुलूप लावायचं आणि वर चढायचं. खडकी मागे पडली की गाडी जमिनीखाली शिरते, आणि सिव्हिल कोर्ट सोडलं की मुठा नदी आपल्या डोक्यावरून वाहत असते. वीस-पंचवीस मिनिटांत मंडई. एवढ्या वेळात मी वाचतो, नाहीतर नुसता बसतो. संध्याकाळी परतताना मंडईतून भाजी घेतो. पिशवीत मेथी असली की आख्ख्या डब्याला कळतं. समोरच्या आजी विचारतात, केवढ्याला दिली जुडी? स्कूटरवर हेल्मेटच्या आत मला इतकी वर्षं कुणी काही विचारलं नव्हतं.

आता हिशेब, कारण तू आकडे मागणारच. माझी स्कूटर लिटरला पंचेचाळीस किलोमीटर द्यायची. जाऊन-येऊन वीस किलोमीटर, म्हणजे रोजचं अर्ध्या लिटरला थोडं कमी पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मला आधी हे पटेना, कारण लिटरभर पेट्रोलचं वजनच पाऊण किलो. पण जळताना त्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि ते वजन त्यात मिळतं. म्हणजे मी एकटा रोज किलोभर वायू हवेत सोडत होतो. किलोमीटरला पन्नास ग्रॅम.

तुझी कार विजेवर चालेल. पण कोराडीला जगदंबेच्या दर्शनाला गेलो होतो तेव्हा वीजकेंद्राची ती उंच धुराडी आपण पाहिली होती ना? आपल्याकडे अजून बहुतेक वीज कोळशाची. देशाची सरासरी धरली तर एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अशी कार एका युनिटवर सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला शंभरएक ग्रॅम, आणि आत बसणार तू एकटा. माझ्या पेट्रोलच्या स्कूटरच्या दुप्पट! पेट्रोलच्या कारपेक्षा ती नक्कीच बरी, आणि रस्त्यावर धूर सोडत नाही हेही खरं. पण तुझ्याकडे आज कार नाहीच. तू स्कूटरवरून कारवर जाणार आहेस. आमची सीएनजीची बस किलोभर गॅसवर तीनएक किलोमीटर जाते, पण तिच्यात चाळीस माणसं असतील तर माणशी वीस-पंचवीस ग्रॅमच होतात. मेट्रोलाही कोळशाचीच वीज लागते, पण भरलेल्या डब्यात ती शेकडो माणसांत वाटली जाते. उद्या तू गच्चीवर सौर पॅनेल बसवलेस तर विजेचा हिशेब बदलेल. रस्त्यावर कारला लागणारी जागा मात्र तेवढीच राहील.

सगळं सोपं होतं असं नाही. जुलैत पावसात ड्रेनेजच्या लोखंडी झाकणावरून चाक घसरलं आणि कोपर चांगलंच फुटलं. त्यानंतर मुसळधार पाऊस असला की चालत जातो, छत्री घेऊन, वीस मिनिटं आधी निघून. चालताना कळतं की या शहरात पायी चालणाऱ्याला कुणी मोजतच नाही. फुटपाथवर गाड्या लावलेल्या असतात, म्हाताऱ्या बायका भर रस्त्यातून जीव मुठीत धरून चालतात. आपणही कधी पानाच्या दुकानाशी गाडी फुटपाथवर चढवली होती, ते आठवून वाईट वाटतं. मेट्रो कितीही चांगली झाली तरी स्टेशनपर्यंतचा एक किलोमीटर नीट नसेल तर माणूस किल्लीच उचलणार.

हिचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मला मान्य आहे. ती म्हणते, तुमचं बरं आहे, तुम्ही एका जागेहून निघता आणि एका जागी पोचता. तिला मुलीला क्लासला सोडायचं, तिथून बँक, मग किराणा, मग आईंची औषधं. या फेऱ्यांना सरळ जाणारी ना बस ना मेट्रो. म्हणून स्कूटर विकलेली नाही. ती चालवते, आणि आईला दवाखान्यात न्यायलाही तीच लागते. पण किराणा आणि क्लास आता ती चालत करते, दोन्ही किलोमीटरच्या आतच होते. हे आमच्या आधी लक्षातच आलं नव्हतं, कारण हात आपोआप किल्लीकडे जायचा.

आता तुझं बघ. नागपुरात तुझ्या घरापासून मेट्रोचं सुभाषनगर स्टेशन दहा मिनिटांवर. तिथून अंबाझरी तलावाच्या कडेने सीताबर्डी, आणि पुढे तुझं ऑफिस चालत गाठता येतं. नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी सायकल मार असं मी सांगणार नाही, उन्हाने जीव जाईल. पण आत्ता डिसेंबर आहे. फेब्रुवारीपर्यंत तीन महिने करून बघ. कारचे पैसे बँकेत राहू देत. आठवड्यातून एकदा वहिनींना डॉक्टरकडे न्यायचं तर रिक्षा कर, वर्षभराची रिक्षा कारच्या विम्याच्या आसपासच जाईल. आणि तरीही गाडी लागतेच असं वाटलं तर विजेची स्कूटर घे. ती एका युनिटवर तीसेक किलोमीटर जाते.

जानेवारीत भाचीच्या लग्नाला येतोस ना? कुणाच्या तरी कारने समृद्धीवरून येऊ नकोस. अजनीहून पुण्याला आता वंदे भारत सुटते, दिवसभराचा प्रवास आहे, वहिनींना पाय मोकळे करत येता येईल. पुणे स्टेशनला उतरलात की लोणावळ्याकडे जाणारी लोकल पकडा. शिवाजीनगर, खडकी, मग आपली दापोडी. वहिनींसाठी रिक्षा सांगून ठेवतो. तुझ्यासाठी मी अण्णांची सायकल घेऊन स्टेशनबाहेर उभा राहीन. कॅरिअर नवीन बसवलंय, तुझं वजन पेलेल.

तुझाच,
दापोडीचा मित्र