हायलायटर बाजूला ठेवा, पुस्तक मिटून आठवा

संपादक साहेब, कॉलेजची मुलं टेक्स्टबुक वाचतात म्हणजे पान पिवळं करतात, माझ्या मुलीचं अख्खं पान हायलायटरने रंगलेलं आणि विचारलं तर दोन ओळी धड सांगता येईनात, फार वाईट वाटलं हो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रयोग छापलाय, पुन्हा पुन्हा वाचणारे ५ मिनिटांनी पुढे होते पण आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्याच जास्त लक्षात राहिलं. म्हणून आधी धड्याखालचे प्रश्न बघा, मग थोडंसं वाचून पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा आणि सुटलं तेवढंच परत वाचा. प्राध्यापकांनी हे पहिल्याच आठवड्यात वर्गात करून दाखवावं, कळकळीची विनंती आहे.

– एक पालक