पाडकामाचा ठेकेदार: आधी परमिटं बघा, भाव नंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घर बांधायचं असलं की लोक ठेकेदाराने आधी बांधलेल्या इमारती जाऊन बघतात, तिथे राहणाऱ्यांना विचारतात, गळती आहे का, तडे गेलेत का. पाडायचं असलं की मात्र फक्त भाव विचारतात. खरं तर पाडकामात बघायला जागेवर काही उरतच नाही, मोकळी जमीन असते किंवा त्यावर नवीन इमारत उभी असते, त्यामुळे त्या माणसाने काम कसं केलं होतं हे सांगणारी गोष्ट म्हणजे सरकारदरबारी राहिलेला कागद, म्हणजे पाडायच्या परवानगीचं परमिट, आणि नेमकं तेच कोणी बघत नाही. म्हणून हे पत्र.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात ५ जून २०१३ ला मार्केट स्ट्रीटवर पाडकाम चालू असलेल्या इमारतीची भिंत शेजारच्या दुकानावर कोसळली, दुकान चालू होतं, आत गिऱ्हाईकं होती, एकूण ७ जण गेले. परमिट होतं बरं का त्या कामाला. पण ठेकेदार सगळ्यात कमी भाव देणारा म्हणून निवडलेला, भिंतींना आधार देणाऱ्या आतल्या लाकडी तुळया आधीच काढून घेतलेल्या आणि उंच भिंत तशीच उघडी उभी ठेवलेली. पुढे ठेकेदाराला कमीत कमी १५ आणि जास्तीत जास्त ३० वर्षांची कैद झाली. म्हणजे या एका कामाचं परमिट हातात आहे एवढ्यावर निर्धास्त व्हायचं नाही, आधीच्या कामांचं काय झालं ते बघायला पाहिजे.

आता बघायचं कसं. ठेकेदाराकडे त्याने पाडलेल्या जागांचे पत्ते मागा, फोटो नकोत, फोटो कुणाच्याही कामाचे दाखवता येतात. मग प्रत्येक पत्त्यावरचं परमिट परवाना देणाऱ्या ऑफिसात किंवा त्यांच्या ऑनलाईन नोंदीत शोधा. परमिट निघालंच नसेल तर एकतर तो खोटं बोलतोय किंवा विनापरवाना पाडतो, आणि दोन्हीत तुम्ही त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं. परमिट असेल तर त्यावर नाव कोणाचं आहे ते नीट वाचा, कारण या धंद्यात एकाचं लायसन आणि काम दुसऱ्याचं हा प्रकार चालतो, काही जण तर एक कंपनी नोटिसांनी बदनाम झाली की नव्या नावाने दुसरी काढतात, म्हणून कंपनीबरोबर मालकाच्या नावानेही शोधायचं. परमिट पूर्ण इमारत पाडायचं होतं की फक्त आतल्या भिंती काढायचं हेही बघा, दहा फ्लॅटच्या आतलं तोडकाम केलेला माणूस चार मजले वरून खाली उतरवू शकेलच असं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, परमिट बंद झालं का? लोक परमिट निघाल्याची तारीख बघतात आणि थांबतात. शेवटची तपासणी होऊन फाईल बंद झालेली असेल तर गॅस, वीज, पाणी, ड्रेनेज नीट तोडलं, राडारोडा उचलला, खड्डा भरला हे कोणीतरी येऊन बघितलंय असं धरता येतं. मुदत संपून तशीच पडलेली परमिटं एकामागून एक दिसली तर समजा हा माणूस पैसे मिळाले की मशीन घेऊन पुढच्या साईटवर जातो, आणि मागे राहिलेली भानगड मालक निस्तरतो. काम थांबवण्याची नोटीस दिसली तर लगेच फुली मारू नका, कारण विचारा, एखाद्या कागदाची कमतरता होती आणि ती पुरी करून काम पुढे गेलं तर ठीक आहे, पण शेजारची भिंत हलली म्हणून किंवा ॲसबेस्टॉस (जुन्या पत्र्यांत वगैरे असणारं तंतुमय खनिज) आहे का हे न तपासता तोडलं म्हणून थांबवलं असेल तर मी तरी असा माणूस कितीही स्वस्त असला तरी घेणार नाही. ॲसबेस्टॉसचे तंतू डोळ्याला दिसत नाहीत, श्वासातून आत जातात आणि त्याने होणारा कॅन्सर बऱ्याचदा २०-३० वर्षांनी किंवा त्याहून उशिरा कळतो, तोवर त्या धुळीत काम केलेला मजूर कुठे आणि ठेकेदार कुठे.

एक गोष्ट ठेकेदार फार गोड बोलून गळ्यात मारतात, "परमिट तुमच्याच नावाने काढा, लवकर मिळतं". काही ठिकाणी मालकाच्या नावाने परमिट काढायची कायद्याने मुभा असते, मान्य, पण तसं केलं की काही झाल्यावर पहिलं उत्तर तुम्हाला द्यावं लागतं आणि त्याच्या रेकॉर्डवर काहीच चढत नाही. प्रत्येक मालकाने असंच केलं तर दहा वर्षं धंदा करूनही तो कागदावर स्वच्छच दिसणार ना?

एवढं सगळं लिहिलं तरी हे सामान्य माणसाला जमणं अवघड आहे, आणि त्यात त्याचा दोष नाही. पुष्कळ ठिकाणी परमिटची नोंद पत्त्यावरून सापडते, ठेकेदाराच्या नावावरून सापडत नाही. म्हणजे ज्याच्याविषयी माहिती हवी त्यालाच विचारायचं, बाबा तू कुठे कुठे पाडलंस, आणि तो चांगले तेवढे पत्ते देणार, वाईट पत्ते आपल्याला कळणार कसे? परवाना देणाऱ्या खात्यांना कळकळीची विनंती आहे, ठेकेदाराचं नाव किंवा लायसन नंबर टाकला की त्याची सगळी परमिटं, बंद झालेली, लटकलेली, नोटीस लागलेली, एका जागी दिसतील अशी सोय करा. माहिती तुमच्याकडे आहेच, फक्त ती नावाने शोधता आली पाहिजे, आणि ती बघायला अर्ज, फी, खेटे असलं काही ठेवू नका. मालकाइतकीच ती शेजाऱ्यांनाही बघता यावी, कारण भिंत पडते ती बऱ्याचदा त्यांच्या बाजूला.

आपला,
एक नियमित वाचक