"मी थांबतो, खेळून बघा" म्हणणाऱ्या दादांना

नमस्कार दादा,

टीव्हीवर माझा गेम नीट चालत नव्हता, तेव्हा तुम्ही फोनवरून मदत केलीत. तुमचं काम होऊन गेलं, तुम्ही कदाचित विसरूनही गेला असाल. मला मात्र अजून राहवत नाहीये, म्हणून लिहितेय.

लॅपटॉप टीव्हीला जोडला की चित्र यायचं, आवाजही यायचा, पण गेम खेळणं अशक्य व्हायचं. कॅमेरा वळवला की सगळं दृश्य अडखळत सरकायचं. उडीचं बटण दाबलं की गेममधला गडी जरा वेळाने उडी मारायचा, तोवर तो खड्ड्यात पडलेला असायचा. टीव्हीच्या मदत केंद्राने लॅपटॉपकडे बोट दाखवलं, लॅपटॉपवाल्यांनी टीव्हीकडे. एकाने माझं बोलणं पुरं व्हायच्या आत महागातली केबल घ्यायला सांगितलं. घेतली, काडीचाही फरक पडला नाही. "चित्र दिसतंय ना? मग झालं तर," असं म्हणून तक्रार बंद करणारेही भेटले. उत्तर ठाऊक नसणं मी समजू शकते. पण समोरच्याला खुळ्यात काढून वाटेला लावायचं, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, "चित्र अडखळतंय, की बटणाला उशीर होतोय, की दोन्ही?" हे आधी कुणीच विचारलं नव्हतं. आणि खरंच दोन वेगळी दुखणी होती! टीव्हीचा तो एचडीएमआय पोर्ट, म्हणजे केबल खोचायची जागा, सेटिंगमध्ये जुन्या मर्यादेवर अडकला होता. फोर-के या अतिस्पष्ट चित्राला सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रं, नेणारं एचडीएमआय 2.0 हे 2013 पासून आहे, टीव्हीत ती सोयही होती, तरी लॅपटॉपला 30 च्या वर जाता येत नव्हतं, म्हणून चित्र अडखळायचं. उशीर होत होता तो टीव्ही प्रत्येक फ्रेमवर रंगसफाई करत बसायचा म्हणून. सिनेमाला ते खपून जातं, गेमला नाही. गेम मोड लावल्यावर तो खटाटोप थांबला. एकच दुखणं धरून उपाय केले असते तर दुसरं तसंच राहिलं असतं.

पण माझ्या मनात घर करून राहिलंय ते यानंतरचं. सेटिंग बदलून झाली, रात्र बरीच झाली होती, मी म्हटलं उद्या बघते. तुम्ही म्हणालात, "आत्ताच एक लेव्हल खेळून बघा. मी थांबतो." आणि थांबलात! मी खेळत होते, तुम्ही फोनवर गप्प होतात. घाई नाही, उसासा नाही. तीच उडी मारली, गडी पलीकडे पोचला, मी ओरडले, तेव्हा तुम्हीही मोकळेपणी हसलात. तुम्हाला यातून एक पैसा मिळणार नव्हता. अनोळखी माणसाची अडचण पुरती सुटली की नाही हे बघायला थांबणारी माणसं आहेत, म्हणून तर कुणाकडे मदत मागायचा धीर होतो.

आता धाकटा भाऊ आणि मी रोज संध्याकाळी मोठ्या पडद्यावर खेळतो. तुमचे मनापासून आभार, दादा. कधी काही लागलं तर हक्काने सांगा.