घटनेबद्दल कधीच न विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, खटल्यांत मुलांची सपोर्ट पर्सन, म्हणजे खटला संपेपर्यंत मुलाला सोबत करणारी व्यक्ती, म्हणून तुम्ही उभ्या राहिलात, त्याबद्दल जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या आम्हा सगळ्यांकडून हे आभाराचं पत्र.

पहिले आभार न विचारलेल्या प्रश्नाचे. नवीन माणूस मायेनं जवळ बसतो आणि विचारतो, ‘नक्की काय झालं गं?’ तिथेच घोळ होतो. उलटतपासात बचावाचे वकील हेच धरतात आणि मूल पढवलेलं ठरतं. तुम्ही शिकवलीत ती तीनच वाक्यं: ‘आठवत नाही’, ‘प्रश्न कळला नाही’, ‘मला थांबायचंय’. पोक्सोच्या कलम ३३ प्रमाणे कोर्टाला साक्षीत मधे मधे विश्रांती देता येते, पण मुलानं तोंड उघडलं तरच ती आठवते!

‘तसं काही झालंच नव्हतं ना?’ या प्रश्नाला लहान मूल ‘नाही’ म्हणतं. मग झालं नाही, की वकिलांचं म्हणणं खरं नाही? टंकलेखकाच्या एका ओळीवर खटला फिरू शकतो. प्रश्न न्यायाधीशांमार्फत जायचे असतात, सपोर्ट पर्सननं मधे बोलायचं नसतं. म्हणून असे प्रश्न सुटे करून घ्या, असं तुम्ही सरकारी वकिलांना साक्षीआधीच सांगून ठेवायचात.

कोर्टानं गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात निकाल, हे कलम ३५ मधलं वेळापत्रक. प्रत्यक्षात तारखा पडतात. शाळा बुडवून आलेलं मूल असंच परत गेलं, की पुढच्या वेळी येतच नाही म्हणतं. समन्स बजावलं का, न्यायाधीश रजेवर नाहीत ना, हे विचारणारा तुमचा आदल्या संध्याकाळचा फोन त्यासाठीच असायचा.

आणि तो मागचा जिना! मुलाला आरोपी दिसू नये म्हणून पडदा लागतो, तो कोर्टाच्या आत. आरोपीचे नातेवाईक बसतात बाहेरच्या बाकावर. तुम्ही आधीच जाऊन जिना, स्वच्छतागृह, बसायची खोली पाहून यायचात. पिशवीत पाणी, बिस्किटपुडा, रंगीत खडू.

अंतरिम भरपाईचा अर्ज, मुलाचं बँक खातं, यांचा पाठपुरावाही तुम्हीच केलात.

बाल कल्याण समितीला दिलेले तुमचे मासिक अहवाल नवीन स्वयंसेवकांना नमुना म्हणून दाखवायचे आहेत. नाव, गाव, शाळा झाकून. तेवढी परवानगी कळवा.

आपले,
कक्षातले सहकारी