स्मरणसभेबाबत सूचना : वॉशिंग्टन रोबलिंग

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग (१८३७–१९२६) यांच्या २१ जुलै या स्मृतिदिनी आपली मासिक सभा त्यांच्या स्मरणार्थ होईल.

नदीच्या तळाशी, दाबाखालील हवा भरलेल्या पेटीत मजुरांबरोबर वारंवार उतरल्याने १८७२ मध्ये ते या कामातून जडणाऱ्या विकाराने कायमचे खचले आणि पुढील काम त्यांना घराच्या खिडकीतून दुर्बिणीने पाहावे लागले. त्यांच्या सूचना लिहून घेऊन कामावर पोहोचविणाऱ्या पत्नी एमिली केवळ निरोप्या नव्हत्या. तारदोरांचे व बांधकामाचे शास्त्र त्यांनी स्वतः शिकून घेतले होते. १८८३ मध्ये पूल खुला होण्यापूर्वी एमिलीच घोडागाडीतून, मांडीवर विजयचिन्ह म्हणून कोंबडा घेऊन, पलीकडे गेल्या. पत्नीच्या कर्तृत्वाला एवढा वाव देणारे पती त्या काळी विरळाच, म्हणून वक्त्यांनी दोघांविषयी एकत्र बोलावे, ही विनंती.

रोबलिंग यांचे कुतूहल पुलापाशी थांबले नाही. त्यांनी जमविलेले सुमारे सोळा हजार खनिज-नमुने पुढे अमेरिकेतील स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेला मिळाले, आणि एका खनिजास ‘रोबलिंगाइट’ हे नावही पडले. खनिजांचा छंद असलेल्या सभासदांनी आपले नमुने सोबत आणावेत. मात्र प्रत्येकाला सापडल्याच्या ठिकाणाची चिठ्ठी चिकटविलेली असावी, कारण गेल्या वेळी कोणाचा दगड कोणता हे शोधण्यातच अर्धा तास गेला.

बोलू इच्छिणाऱ्यांनी आपली नावे १५ जुलैपर्यंत चिटणिसांकडे द्यावीत.